पोराला कुठं घालावं?

ऊस विकास विभागाकडून



हंगाम संपला की आमच्या खात्याच्या माणसांना बांधावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, बिल कधी निघणार. त्याचे उत्तर आमच्या हाती नाही. दुसरा प्रश्न दहावी-बारावीचा निकाल लागला की सुरू होतो. "साहेब, पोराला कुठं घालावं?" लागणीच्या नोंदी घेताना, माती परीक्षणाचा अहवाल हातात देताना, लग्नाच्या मांडवात, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणारा उभ्याउभ्या विचारतो आणि उत्तरही उभ्याउभ्याच मागतो. पोरगं जवळच उभे असते, पायाने ढेकूळ फोडत. त्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

या अंकात आम्ही बेणे, खते, हुमणी हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या प्रश्नावर लिहीत आहोत. ऊस विकास खात्याचा याच्याशी काय संबंध, असे काही सभासद म्हणतील. संबंध आहे, आणि तो पुढे येईलच.

आधी शब्दच बघा. आपण पोराला 'घालतो'. गव्हाणीत ऊस घालावा तसे. त्याने निवडले, त्याला आवडले, असे आपण म्हणत नाही. आणि घालताना हिशेब कोणता करतो? मार्क किती पडले, शेजारच्याचा मुलगा कुठे गेला, एस.टी. कुठवर जाते, आणि सध्या कशाची चलती आहे. एवढ्यावर पोराच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लागतो.

चलतीचे काय होते हे शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. एका वर्षी आल्याला भाव मिळतो, पुढच्या वर्षी सगळा शिवार आले लावतो, आणि काढणीच्या वेळी मजुरीसुद्धा सुटत नाही. शिक्षणातही आपण अगदी तेच केले. २००० नंतरच्या दशकात डी.एड.ची लाट आली. गावोगाव डी.एड. कॉलेजे निघाली. शिक्षकाची नोकरी म्हणजे घरी बसून पगार अशी समजूत होती, म्हणून मुलींनाही तिकडेच घातले. २०१२ च्या सुमारास शिक्षक भरती थांबली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टी.ई.टी. झाली, म्हणजे पदविका हातात असूनही आणखी एक परीक्षा पुढे उभी राहिली. आज त्या वेळचे किती डी.एड.धारक आपल्या कार्यक्षेत्रात किराणा दुकान चालवतात, पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात, हे आपण पाहतोच. त्या कामांत कमीपणा काही नाही. पण त्यांतल्या कितीजणांना खरोखर शिकवण्याची आवड होती, हे त्या वेळी कोणी विचारले असते तर बरे झाले असते. डी.एड.नंतर इंजिनिअरिंगची लाट आली. आता स्पर्धा परीक्षेची आहे.

स्पर्धा परीक्षेला आमचा विरोध नाही. आपल्याच भागातली साध्या घरची मुले अधिकारी झाली, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे. पण पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहणारी जी मुले अधिकारी झाली नाहीत, त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. राज्य सेवेसाठी कमाल वय २०१६ साली खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ झाले. सोय झाली हे खरे, पण वाट पाहण्याची वर्षेही तितकीच वाढली. बाप इकडे सोसायटीचे पीक कर्ज उचलतो, त्यातले निम्मे मेसला आणि क्लासला जाते, आणि उसाला दुसरा हप्ता टाकायला पैसे उरत नाहीत. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. प्लॉट पिवळा का पडला म्हणून विचारायला गेलो की असे कारण पुढे येते.

आता आमच्या खात्याचा संबंध कुठे येतो ते सांगतो.

एका सभासदाची दोन मुले. थोरल्याला शेतीचे वेड. शाळेत असतानाच मोटार खोलून जोडायचा, ठिबकच्या नळ्या स्वतः धुवायचा, एक डोळा पद्धतीने रोपे करून त्याने परसात शंभरभर पिशव्या भरल्या होत्या. पण त्याला मार्क चांगले पडले. मार्क पडले म्हणून पुण्याला इंजिनिअरिंगला. धाकट्याला चिखलाची किळस, दिवसभर आकडेमोड आणि हिशेबाची आवड, गावच्या जत्रेची वर्गणी तोच लिहायचा. पण त्याला मार्क कमी. मार्क कमी म्हणून तो शेतीला. आज थोरला चाकणच्या बाजूला ठेकेदाराकडे कामाला आहे आणि सुट्टीला आला की सबंध दिवस रानात असतो. धाकट्याने रान खंडाने देऊन टाकले. खोडव्याला नांग्या इतक्या की ऊस विरळ दिसतो. अशी घरे एक-दोन नाहीत.

आमची तक्रार इथेच आहे. ज्याला दुसरे काही जमले नाही तो शेती करणार, असा नियमच आपण करून ठेवला आहे. शाळेत मास्तरही पोराला धमकी देतात ती "अभ्यास नाही केलास तर बापासारखी शेती करशील" हीच. मग उद्या या कारखान्याला ऊस कोण घालणार? नाइलाजाने शेतीत राहिलेला माणूस माती परीक्षण करत नाही, पाचट जाळतो, बेणे बदलत नाही. शेतीची आवड असलेले पोरगं शेतीत राहावे आणि हिशेबाची आवड असलेले हिशेबाला जावे, यात कारखान्याचा सरळ फायदा आहे. दोन्ही पोरांचा तर आहेच.

हे जमवून देण्याचे एक शास्त्र आहे. पूर्वी त्याला व्यवसाय मार्गदर्शन म्हणत, आता करिअर समुपदेशन म्हणतात. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात झाली असे मानतात. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९०८ च्या जानेवारीत तिथे अशी कचेरी उघडली. हे स्वतः शिकलेले इंजिनिअर. पहिली नोकरी रेल्वे कंपनीत, ती कंपनी बुडाली. मग लोखंडाच्या कारखान्यात मजुरी, मग शाळामास्तर, मग वकिली, मग कायद्याचे प्राध्यापक. इतक्या ठिकाणी फिरलेल्या माणसालाच दुसऱ्यांचे फिरणे वाचवावेसे वाटले, यात नवल नाही. कचेरी उघडली त्याच वर्षी ते वारले. त्यांचे पुस्तक १९०९ साली, त्यांच्या मागे निघाले. त्यांचे म्हणणे साधे होते. माणसाने आधी स्वतःला नीट ओळखावे : आवड काय, अंगात काय आहे, काय जमत नाही, घरची परिस्थिती कशी. मग निरनिराळ्या कामांना काय लागते, त्यांत काय मिळते, काय सोसावे लागते ते समजून घ्यावे. आणि मग या दोन्हींचा मेळ डोके शांत ठेवून घालावा.

आम्हां शेतकी माणसांना हे वाचताना नवीन वाटत नाही. जमीन तपासायची, जात समजून घ्यायची, आणि मग लागण करायची. चोपण जमिनीत फुले २६५ तग धरतो, म्हणून तिथे तो सांगतो. शेजारच्याचा ८६०३२ जोरात आहे एवढ्यावरून तोच आपल्या क्षारपड रानात लावू नका, असे सांगतासांगता आमचा घसा कोरडा पडतो. आता सभासद ऐकतात. सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, हे प्रयोगशाळेतून विचारून घेतात. एकरभर रानासाठी एवढे करणारा माणूस पोराच्या बाबतीत मात्र एका मार्कलिस्टावर भागवतो.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. माती परीक्षणाचा कागद पीक काढून देत नाही, तसे कल चाचणीचे आहे. चाचणी म्हणजे कुंडली नव्हे. "तुमचा मुलगा अमुकच होणार" असे जो सांगेल त्याच्यापासून लांब राहावे. चाचणीने आवड आणि कुवत यांचा अंदाज येतो, आणि बोलायला एक जागा मिळते. खरे काम पुढच्या बोलण्यात आहे. २००० साली ब्राऊन आणि रायन क्रेन या अमेरिकन संशोधकांनी तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला. मार्गदर्शनाचा गुण कुठे जास्त येतो, तर मुलाकडून त्याचे विचार स्वतःच्या हाताने लिहून घेतले, चाचणीचा अर्थ त्याला एकट्याला बसवून समजावला, कामांची खरी माहिती पुरवली, ते काम करणारी माणसे दाखवली आणि जवळच्या माणसांचा आधार उभा केला, अशा ठिकाणी. नुसत्या संगणकावर चाचणी देऊन घरी पाठवले तर उपयोग कमी होतो, असेही इतर अभ्यासांत दिसले आहे. या पाचांत आपल्याकडे शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड. पोराला एकट्याला बोलू द्या म्हटले की बाप म्हणतो, "त्याला काय कळतंय, मी सांगतो की!"

आता समुपदेशन कशाला म्हणायचे नाही तेही सांगितले पाहिजे, कारण या नावाखाली पुष्कळ काही विकले जाते. शाळेच्या मैदानात मांडव घालून, पुण्याहून वक्ता आणून, "तुमच्यात कलेक्टर दडलेला आहे" असे दोन तास सांगणे हे समुपदेशन नव्हे. ऐकायला बरे वाटते, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं होते तिथेच असते. निकालाच्या आठवड्यात गावोगाव फिरणारे काही 'करिअर सल्लागार' एखाद्या खाजगी कॉलेजाकडून प्रवेशामागे पैसे घेत असतात. त्यांचा सल्ला कुठल्या दिशेला जाणार हे उघड आहे. आणि तिसरा प्रकार, बोटांचे ठसे घेऊन पोराची बुद्धी आणि करिअर सांगणारी चाचणी. मशीन, रंगीत अहवाल, इंग्रजी नाव, सगळे असते. त्याला शास्त्रीय आधार नाही. ठशांवरून माणूस कोण ते ओळखता येते, तो पुढे काय होईल ते नाही. त्यावर पैसे घालण्यापेक्षा दोन पोती खत जास्त घ्यावे.

चांगला समुपदेशक कसा ओळखावा? त्याचे मानसशास्त्राचे आणि समुपदेशनाचे शिक्षण झाले आहे का, ते विचारावे. कुठल्या कॉलेजाकडून वा क्लासकडून त्याला काही मिळते का, तेही स्पष्ट विचारावे, भीड धरू नये. तो मुलाशी एकट्याशी बोलतो का, लेखी अहवाल देतो का, आणि एकदा बोलून सोडून न देता पुन्हा भेटतो का, हे पाहावे. फी जास्त म्हणजे माणूस चांगला, असे काही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्वी जे रोजगार विनिमय केंद्र होते, त्याचे आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झाले आहे, तिथे चौकशीला जाण्यास काहीच हरकत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही १९६२ साली स्थापन झालेली संस्था अभिक्षमता चाचण्यांचे काम दीर्घकाळ करीत आली आहे. २०१६ साली तर राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलांची शाळेतच कल चाचणी झाली. तीत कला, वाणिज्य, तांत्रिक, आरोग्य, ललित कला आणि गणवेशधारी सेवा यांच्याबरोबर शेती हेही एक स्वतंत्र क्षेत्र होते. सरकारच्या चाचणीत शेती आवडीचे क्षेत्र म्हणून आली आणि आपल्या घरात अजून येत नाही! किती पालकांनी तो अहवाल वाचला असेल? आम्ही ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांना तो घरात कुठे आहे हेही सांगता आले नाही.

कामांच्या माहितीचेही तेच. आपल्या पोरांना डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, तलाठी आणि मास्तर एवढीच कामे माहीत असतात. कारखान्याच्या धुराड्याच्या सावलीत वाढलेल्या पोराला धुराड्याखाली काय चालते ते ठाऊक नसते. आय.टी.आय. करून फिटर, टर्नर, वेल्डर वा इलेक्ट्रिशियन झालेल्याला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली उमेदवारी करता येते, आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते. बॉयलरवर काम करायचे तर बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा असते आणि तो दाखला कोणत्याही कारखान्यात चालतो, साखर असो की कापड. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्याला साखर किंवा मद्यार्क तंत्रज्ञानाकडे वळता येते. त्यासाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ साली सुरू झालेली, आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था तर १९३६ पासून आहे. पॅनवर साखरेचा दाणा धरणारा पॅनमन बघा. काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन उजेडात धरतो आणि दाणा कितपत बसला ते सांगतो. ही नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि ज्याला त्याची गोडी लागली तो पाळी संपली तरी लवकर हलत नाही. तोडणी यंत्र चालवणारे, त्याची हायड्रॉलिक दुरुस्ती करणारे, ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत रोपे करणारे, फवारणीचे ड्रोन उडवणारे, ही कामेसुद्धा आता आपल्याच भागात आहेत. इथे नोकरी मिळेलच असा याचा अर्थ नाही. जागा किती असतात ते सभासदांना माहीत आहे. पण माहीतच नसलेले काम पोरगं निवडणार कसे?

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागते याचे वाईट वाटते. मुलीला मार्क मुलापेक्षा जास्त असले तरी तिच्यासाठी पहिला प्रश्न 'कॉलेज किती लांब' हा असतो. आवडीचा प्रश्न येतच नाही. समुपदेशक निदान तो प्रश्न बापाच्या देखत मांडतो. पुष्कळदा एवढ्यानेही घरातले बोलणे बदलते, कारण बाहेरचा शिकलेला माणूस विचारतो आहे म्हटल्यावर बाप थोडा थांबतो.

कुणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण पोटाचे काय? आवडीवर पोट भरत नाही. बरोबर आहे, आणि चांगला समुपदेशक घरची परिस्थिती बाजूला ठेवून बोलत नाही. दीड एकर रान, डोक्यावर कर्ज, धाकटी बहीण लग्नाची, हे सगळे कागदावर लिहूनच तो वाट काढतो. एखाद्याला आधी दोन वर्षांचे आय.टी.आय., मग कमाई करीत पदवी, असे सांगतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला किती वेळा बसायचे, कोणत्या वर्षी थांबायचे आणि तोपर्यंत हाताशी दुसरे काय ठेवायचे, हे आधीच लिहायला लावतो. आवड नसलेल्या कामात माणूस पगार घेतो, पण रोज मनाने मरतो, आणि पुष्कळदा दोन-तीन वर्षांत ते सोडून परत पहिल्यापासून सुरू करतो. त्यात जे पैसे जातात ते उसाच्याच बिलाचे असतात.

आमची सूचना अशी आहे. कारखान्याने सभासद-प्रशिक्षणाचा भाग म्हणून गटवार समुपदेशन सुरू करावे. निकालानंतर धावपळ करण्यात अर्थ नाही. मूल नववीत असतानाच सुरुवात व्हावी. हंगाम चालू असताना एखाद्या रविवारी गटातल्या मुलांना कारखाना आतून दाखवावा, काम करणाऱ्या माणसांशी बोलू द्यावे. त्यानंतर प्रशिक्षित समुपदेशकाने चाचणी घ्यावी, प्रत्येक मुलाला निदान एक तास द्यावा आणि आई-बाप दोघांना बसवून पुन्हा एकदा भेटावे. आईलाही बोलवावे हे मुद्दाम लिहितो. पोराला काय आवडते ते बहुधा तिलाच माहीत असते. पहिल्या वर्षी एकाच गटात करून पाहावे, खर्चाचा अंदाज येईल.

कारखान्याने साखर करावी, पोरांची उठाठेव कशाला, असे सभेत कोणी तरी म्हणणारच. सहकारी कारखान्यांनी शाळा काढल्या, कॉलेजे काढली, दवाखाने काढले, तेव्हा तसे म्हणणारेही होते. आणि कॉलेज काढण्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही. उलट, आपल्याच शिक्षण संस्थेत मुले भरती व्हावीत म्हणून हे मार्गदर्शन चालवायचे नाही, ही अट आम्ही आधीच घालू. समुपदेशक बाहेरचा असावा आणि त्याने कोणते कॉलेज सांगावे यात कारखान्याने पडू नये.

ज्या सभासदांना हे पटते त्यांनी वार्षिक सभेच्या आधी लेखी सूचना कार्यालयाकडे द्यावी. तोंडी बोललेले सभेच्या गडबडीत राहून जाते. ज्यांचे मूल सध्या आठवीत वा नववीत आहे त्यांनी त्याचे नाव, शाळा आणि गाव गट ऑफिसात चिटबॉयकडे नोंदवून ठेवावे. आकडा हाती आला की संचालक मंडळापुढे मांडणे सोपे जाईल. नोंद करताना मुलींची नावे घरी राहू देऊ नयेत, आणि अर्जावर 'शेती' हाही आवडीचा रकाना ठेवलेला आहे, तो पोराने स्वतः भरायचा आहे.